चार नंबरचा आरोपी

गल्लीत त्याला 'न्यूट्रल' म्हणायचे. पेशाने ड्रायव्हर, आणि स्वभाव असा की कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. दोन शेजारी हातघाईवर आले तरी हा मधून 'जरा जाऊ द्या' म्हणत पिशवी सांभाळत निघून जायचा. उमेदीची सगळी वर्षं त्याने एकाच माणसाची गाडी चालवली. साहेब आधी साधे पुढारी होते, मग मंत्री झाले. गाड्या बदलल्या, ड्रायव्हर तोच राहिला.

सरकारी जमिनीच्या एका व्यवहारात साहेबांनी पैसे खाल्ले, असा खटला उभा राहिला. त्यात एक बॅग एका बंगल्यातून दुसऱ्या बंगल्यात गेली होती. बॅग गेली गाडीतून आणि गाडी चालवली न्यूट्रलने. डिकीत ठेव म्हटलं, ठेवली. काढ म्हटलं, काढली. आत काय आहे हे विचारायची त्याची सवयच नव्हती. कोर्टाने चौघांनाही दोषी ठरवलं. साहेब एक नंबरचे आरोपी, न्यूट्रल चार नंबरचा. शिक्षा पंधरवड्याने सुनावणार होते आणि तोवर सगळे जामिनावर घरीच होते.

त्या पंधरवड्यात जो तो न्यायाधीश झाला. टीव्हीवर तेच, बसमध्ये तेच, वाण्याच्या दुकानात तेच. साहेबांना किती होणार? आणि झालीच तर राष्ट्रपती माफ करणार का? कोर्टात जाताना नीटनेटकं दिसावं म्हणून न्यूट्रल केस कापायला गेला, तर न्हाव्याने कात्री हवेतच धरली.

"बरं झालं आलास. तू आतला माणूस. किती होईल साहेबांना?"

"मला काय माहीत?"

"सात तरी होणार," बाकावरचा एकजण म्हणाला.

"सात होवोत नाहीतर सत्तर," दुसऱ्याने पेपरातून डोकं काढलं. "राष्ट्रपती आणि साहेब एका ताटात जेवलेले. माफी खिशात आहे, खिशात!"

"लोक गप्प बसतील?"

"लोकांचं काय घेऊन बसलास? लोक चार दिवस बोंबलतील, पाचव्या दिवशी क्रिकेट बघतील."

आरशात तिघांची तोंडं हलत होती आणि मध्ये न्यूट्रलचं, पांढऱ्या कापडातून वर आलेलं, गप्प. त्याच दिवशी, त्याच कोर्टात, त्यालाही शिक्षा व्हायची होती. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. न्हाव्याने पैसे तेवढे घेतले नाहीत. "साहेबांना नमस्कार सांग," म्हणाला.

घरी मेहुणा येऊन बसलेला. मेहुण्याचं एक होतं, जगातल्या सगळ्या बातम्या त्याला एक दिवस आधी कळायच्या.

"भावोजी, घाबरायचं नाही. साहेब सुटले की तुमचं सोनं झालंच म्हणून समजा. असा इमानी माणूस ते विसरतील?"

बायको शिलाई मशीनवर एका पँटची लांबी कमी करत होती. तिने पाय थांबवला. "आणि ह्यांना किती होईल रे?"

मेहुणा गडबडला. "ह्यांना? ह्यांचं काय, ताई! ह्यांना कोण धरतंय!"

"धरलंय की," ती म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

त्यांची लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. ती बापाला घेऊन वकिलाकडे गेली. वकील साहेबांनीच दिलेला. म्हणजे मोठा वकील साहेबांसाठी आणि त्याचा हाताखालचा न्यूट्रलसाठी. हाताखालचा भला माणूस होता, पण त्याचं अर्धं लक्ष सतत फोनकडे.

"बाबांनी फक्त गाडी चालवली, हे नीट मांडलंत ना?" लेकीने विचारलं.

"मांडलं. पण बॅग कुणी दिली ते बाबा सांगायला तयार नाहीत. मग कोर्ट म्हणतं, हा लपवतोय."

लेकीने बापाकडे पाहिलं. न्यूट्रल खाली मान घालून म्हणाला, "मीठ खाल्लंय त्यांचं."

"त्यांचं नाही, पगाराचं खाल्लंय," लेक म्हणाली. मग वकिलाला विचारलं, "आणि साहेबांना माफी मिळाली तर? बाबांनाही मिळेल ना?"

"माफी माणसाला मिळते, ताई. खटल्याला नाही. ज्याचा अर्ज, त्याची माफी."

"मग यांचाही अर्ज करू."

"करू की," वकील म्हणाला आणि फोन उचलून बाहेर गेला.

शिक्षेच्या दिवशी कोर्टाबाहेर मुंगीला शिरायला जागा नव्हती. साहेबांना पाच वर्षं झाली. बाहेर एकच गलका उठला, अर्धे रडले, अर्ध्यांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. त्या गलक्यात न्यायाधीशांनी चार नंबरच्या आरोपीला तीन वर्षं सांगितली, ती त्याला नीट ऐकूही आली नाहीत. त्याने शेजारच्या पोलिसाला विचारलं, "माझं काय झालं?"

तुरुंग दोघांचा एकच. साहेब दवाखान्याच्या खोलीत, कारण त्यांचं ब्लडप्रेशर. न्यूट्रल भटारखान्यात, पिठाच्या पोत्यांपाशी. लेकीने अर्ज केला. पोच आली, उत्तर आलं नाही. बायको दोनदा साहेबांच्या बंगल्यावर जाऊन आली. बाईसाहेबांनी तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आम्हीच संकटात आहोत गं."

तुरुंगातही तीच चर्चा. चोर, दरोडेखोर, सगळे माफी होणार की नाही यावर हिरिरीने भांडायचे. वर्ष उलटलं आणि एका सकाळी माफी झाली. वय आणि तब्येत बघून, असं कारण दिलं होतं. पिठात हात असतानाच शिपाई न्यूट्रलला बोलवायला आला. आपलीही माफी आली असं वाटून त्याने घाईने हात झटकले.

"चल. तू त्यांचा माणूस ना? सामान उचलायचंय."

दोन बॅगा, एक पंखा, पुस्तकांचं खोकं. न्यूट्रलने दोन्ही बॅगा उचलल्या. सवयीने साहेबांच्या एक पाऊल मागे चालत राहिला. मोठ्या फाटकापाशी आल्यावर साहेब वळले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला पीठ लागलं, ते त्यांनी रुमालाने पुसलं.

"घरी सगळं ठीक ना?"

"हो साहेब."

"काळजी करू नकोस. मी बघतो."

बाहेर गाडी उभी होती. जुनीच. नवा ड्रायव्हर डिकीशी झटापट करत होता. ती आधी जरा दाबल्याशिवाय उघडत नसे. न्यूट्रल ते सांगायला पुढे झाला, तसा शिपायाने त्याचा दंड धरला. "तू इथवरच." त्याने बॅगा फाटकाच्या आत खाली ठेवल्या. दुसऱ्याच कुणीतरी त्या उचलून नेल्या. हार पडले, घोषणा झाल्या, फाटक बंद झालं. तो परत पिठाकडे गेला.

पुढच्या भेटीला बायको आली. जाळीपलीकडून म्हणाली, "टीव्हीवर बघितलं. काही बोलले का तुमच्याशी?"

"विचारलं, घरी ठीक आहे ना."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"हो म्हटलं."

लेकीच्या अर्जावर नकार आलाय, हे सांगायला ती आली होती. शिवाय लेकीची लॅबमधली नोकरी गेली होती. लोक काय म्हणतील म्हणून मालकाने तिला यायला नको सांगितलं होतं. यातलं काय आधी सांगावं ते तिला ठरवता येईना.

"थोडं बारीक झालात," ती म्हणाली.

"इथलं जेवण बेतास बात. मीच करतो ना."

ती हसली, त्याच्यासाठी. मग पदर तोंडाला लावून रडली. जाळीत बोट जाईल एवढंसुद्धा भोक नव्हतं. न्यूट्रल नुसता बघत बसला. वेळ संपली म्हणून शिपाई ओरडला, तेव्हाही त्याने तिला विचारलं नाही की घरी ठीक आहे ना.