आजीचा कान

कुणाचंही बाळ हातात आलं की सरोजताई आधी त्याचे कान बघायच्या. कुणाचे जरा वर, कुणाचे खाली. कुणाचे डोक्याला चिकटलेले, कुणाचे सुपासारखे बाहेर. मग मान डोलावून बाळ कुणावर गेलंय ते जाहीर करायच्या. "नाक बदलतं, रंग बदलतो. कान बघा, यार!" पन्नाशीची मराठी बाई असं बोलते याची मला सुरुवातीला फार गंमत वाटायची.

नोएडात तेव्हा सेक्टरांना नंबर मिळाले होते, झाडं मिळायची होती. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. जालन्याकडच्या गावातून एका नव्या कंपनीत नोकरीला आलो होतो. ताई समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. जन्म दिल्लीतला, नोकरी सरकारी कचेरीत. गॅसचा नंबर लावण्यापासून चांगला डॉक्टर शोधण्यापर्यंत सगळं त्यांनीच करून दिलं. हाक मात्र कायम एकच, "काय ग्रॅज्युएट!" आज तिथून मेट्रो जाते. ताई नाहीत.

आमची मुलगी जन्मली ती वरून दुमडलेला डावा कान घेऊन. डॉक्टर म्हणाले, पोटात दबला असेल, बहुधा काही आठवड्यांत आपोआप सुटेल. ऐकण्यात काही दोष नाही. मला पटलं. गावाहून आलेल्या आईला पटलं नाही. तिने माझ्या बायकोला, मंगलला, खोदून खोदून विचारलं आणि निकाल दिला, "ग्रहणात कपड्यांच्या घड्या घालत बसली होती ही. पडली घडी कानाला!"

मंगलने त्या दिवशी खरंच वाळलेले कपडे आवरले होते. आता ती अर्ध्या जेवणावरून उठायला लागली. बाळाच्या डोक्यावरची कुंची दिल्लीच्या उन्हाळ्यातही उतरेना. मी कागदावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढून आईला ग्रहण समजावलं. ती म्हणाली, "आईला उलट बोलायलाच शिकवलं का रे कॉलेजात?"

बारसं आलं. मला बहीण नाही. "चलो, आत्या मी," ताईंनी परस्पर ठरवून टाकलं. पाळण्याभोवती शेजारच्या बायका जमल्या. कानात नाव सांगायचं तर कुंची काढायलाच हवी. मंगलचा हात नाडीवरून हलेना. ताईंनी तो अलगद बाजूला केला, नाडी सोडली, कान पाहिला आणि ओरडल्याच, "अय्या! आई, हिने तर तुमचा कान आणलाय!"

"माझा?" आईचा हात पदराखाली कानाशी गेला.

"मग! असा कान आजीवर गेलेल्या मुलीचाच असतो. हट्टी निघणार बिल्कुल. पण कर्तबगार."

सगळ्या बायका आईकडे बघू लागल्या. आई पाळण्यावर वाकली, बराच वेळ बघत राहिली. "होता खरा माझा असा, लहानपणी," ती म्हणाली. "मग सुटला." आता तपासायला त्या वेळचं कुणी हयात नव्हतं.

"मग ग्रहणाचं काय, आई?" मी विचारलं.

ताईंनी माझ्या पायावर पाय दिला. "ग्रॅज्युएट, पेढे वाट."

त्यांनी 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं. रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यांत जोराचा मंगलचा होता, आणि ती हसत होती.

पुढे डॉक्टर म्हणाले होते तसा कान हळूहळू उलगडला. आई खट्टू झाली. बाळाला तेल लावताना ती तो गुपचूप दुमडून बघायची. सोडला की पुन्हा सरळ. एका रविवारी ताई चहाला आल्या तेव्हा तिला राहवेना. "गेला गं सरोज, माझा कान गेला."

मंगल कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "जाऊ दे हो आई, नाक आहे ना तुमचं."

आईने लगेच नात उचलून उजेडात धरली. ताईंनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ग्रॅज्युएट, मंगल पास झाली. तू पुढच्या वर्षी परीक्षेला बस."