सारखी केलेली वजनं

पायगोंडा चौगुले निपाणीजवळच्या सरकारी शेतावर वजनं टिपायच्या कामाला होता. तंबाखूच्या चार जाती तिथं वीस तुकड्यांत लावलेल्या. प्रत्येक जातीला पाच तुकडे, तेही चिठ्ठ्या टाकून ठरवलेले. १९३९ साली पाला वाळल्यावर त्यानं वजनं केली. एकाच जातीचा एक तुकडा दहा शेर देई, दुसरा अठरा! साहेब म्हणतील, ह्याला तराजू धरता येत न्हाय. त्या धास्तीनं पक्क्या वहीत उतरवताना त्यानं दहाचे बारा केले, अठराचे सोळा. चारी जातींचं तसंच केलं. सरासरी तीच राहिली, मग बिघडलं कुठं?

शेताचे प्रमुख करगुप्पीकर साहेबांनी त्या वहीवरून गणित मांडलं. तिसरी जात सरस ठरली. शिफारस गावोगाव गेली. पायगोंडाची थोरली बहीण राजमती हिनं तर भावाच्या शब्दावर सासरी जपलेलं घरचं बी उकिरड्यावर टाकलं आणि नवं लावलं. पीक आलं ते जुन्याएवढंच, त्यात तंबाखूला जुना कडकपणा नव्हता.

पायगोंडानं साहेबांना विचारलं, "सायेब, जात चांगली हे ठरतं कसं?"

"एकाच जातीच्या तुकड्यांतही वजन हलतं, ते जमिनीमुळं. जातीजातींतला फरक त्याच्या कितीपट आहे ते काढायचं. त्या पटीला एफ म्हणतात. इथं सव्वातीनच्या वर गेली तरच फरक खरा मानायचा. आपली आठ आली."

जमिनीचं ते हलणंच तर पायगोंडानं वहीत दाबलं होतं, म्हणून पट फुगली होती. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं कच्चा कागद साहेबांपुढं ठेवला.

"खरी वजनं ही हायत. म्या सारखी केली."

साहेबांनी तिथंच पुन्हा गणित केलं. एफ आली दोन.

"म्हणजे चार जातींत फरक आहे असं म्हणताच येत नाही," ते म्हणाले. "आणि शिफारशीवर सही माझी आहे, पायगोंडा."

त्यांनी चूक वर कळवली. पायगोंडाची वही काढून घेतली, त्याला खुरपणीला लावलं. त्याला ते कमीच वाटलं.

आक्काला सांगायला मात्र सहा महिने लागले. ती भाकरी थापत होती.

"आक्का, ते बी चांगलं हे खोटं हुतं. माझ्यामुळं."

तिचा हात थांबला. "मामंजींच्या हातचं बी हुतं रं ते."

तिनं त्याला वाढलं, पोटभर वाढलं. पण त्यानंतर पेरणीचा सल्ला तिनं त्याला कधी विचारला नाही.