दोन स्क्रूंचं काम

माझा भाऊ रघुजी चोर नाही, दारुडा नाही, आणि कामात तर मुळीच कच्चा नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण हल्ली राजाजीनगरात कुणीही उठतो आणि त्याच्याबद्दल वाट्टेल ते बरळतो. मी मालनबाई, त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आले ती इथलीच झाले. खाली रघुजीचं गॅरेज, वर आम्ही दोघं. त्यानं लग्न केलं नाही. वायरींशीच संसार मांडला म्हणा.

गाडीतल्या विजेचं काम त्याचं. दुसरे मेकॅनिक कॉम्प्युटर लावतात, पडद्यावर नाव येईल तो पार्ट बदलतात आणि मोकळे होतात. हा बाबा गिऱ्हाइकाला गाडीमागे उभं करणार, स्वतः ब्रेक दाबणार आणि विचारणार, दिवे लागले का? क्रूझ बिघडली म्हणून आलेला माणूस चक्रावून जायचा. क्रूझ म्हणजे ते बटण हो, एकदा वेग ठरवून दिला की पाय न लावता गाडी त्याच वेगानं पळते. ब्रेक दाबला की सुटते, सुटलीच पाहिजे. त्यासाठी ब्रेकच्या पेडलपाशी एवढासा स्विच असतो, मागचे दिवेही तोच लावतो. निम्म्या क्रूझ त्या स्विचपायीच रुसतात, असं रघुजी म्हणायचा, आणि बहुतेकदा तसंच निघायचं.

तीन वर्षांपूर्वी आयुधपूजेच्या आदल्या दिवशी इंदिरानगरच्या सुधींद्रांची गाडी आली. क्रूझ लागतच नव्हती. दुसऱ्या कुणी स्टिअरिंगवरची बटणंसुद्धा बदलून पाहिली होती. रघुजीनं तासाभरात दुखणं पकडलं. स्विच आतून गेला होता, पाय पेडलवर नसला तरी गाडीला वाटायचं ब्रेक दाबलेलाच आहे. खात्री करायला त्यानं स्विचच्या जागी वायरीचा तुकडा जोडला, म्हणजे आता ब्रेक दाबला तरी गाडीला तो कळणारच नव्हता, आणि गाडी फिरवून आणली. क्रूझ झकास लागली. नवा स्विच सणानंतर मिळणार, तोवर गाडी गॅरेजातच राहणार, म्हणून वायर तशीच ठेवून त्यानं ती झाकणारी खालची पट्टी दोन स्क्रूंनी बसवली. मग गॅरेज धुवायला घेतलं.

आयुधपूजेला आमच्यात हत्यार उचलत नाहीत. पान्हे, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, सगळं देवीपुढं मांडायचं, हळदकुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी पूजा उतरवल्यावरच हातात घ्यायचं. पणजोबा तलवारीला हेच करायचे म्हणे. त्या दिवशी आमची आरती झाली, कोहळा फोडला आणि सुधींद्र दारात उभे. त्यांच्या इमारतीत सगळ्या गाड्यांची एकत्र पूजा होती. गाडी नेतो, दोन दिवसांनी परत आणतो, म्हणाले.

रघुजीला ती वायर काढायची होती. त्याचा हात देवीपुढच्या स्क्रू ड्रायव्हरकडे गेला आणि मी कडाडले. मांडलेल्या पूजेतलं हत्यार उचलतोस? ज्यावर जेवतोस त्याला लाथ मारतोस? त्यानं हलक्या आवाजात सांगितलं, अक्का, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, मग परवा कर. शेजाऱ्याकडं मागावा तर अख्ख्या गल्लीची हत्यारं त्या दिवशी देवापुढं. त्यानं हात मागं घेतला. सुधींद्रांना मात्र बजावलं, ते बटण अजिबात दाबू नका. ते कानडीत सरी, सरी, म्हणजे बरं बरं, म्हणत गाडी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको वीणा तीच गाडी घेऊन होसूरला माहेरी निघाली. शहराबाहेर बोम्मसंद्रा सुटल्यावर रस्ता मोकळा मिळाला असेल. पुढं लॉरी होती. काय झालं ते रघुजीनं गाडी न बघताच सांगितलं. तिनं क्रूझ लावली असणार, लॉरी बघून ब्रेक दाबला असणार, वेग उतरल्यावर पाय उचलला असणार. आणि क्रूझ सुटलेलीच नव्हती. गाडी आपली आपण पुन्हा पळाली आणि लॉरीखाली गेली. वीणा जागच्या जागी गेली.

तेरावा झाल्यावर सुधींद्र गॅरेजात आले. माणूस पार वाळला होता. स्टुलावर बसून म्हणाले, "तुम्ही मला सांगितलं होतं. मी तिला सांगायचं विसरलो. माझ्यामुळं गेली ती."

मी कॉफी घेऊन उभी. सांगायला लाज वाटते, पण माझा जीव भांड्यात पडला. सुंठीवाचून खोकला गेला, असंसुद्धा मनात आलं. मी रघुजीला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस.

तो गप्प बसला नाही. "तुमच्यामुळं नाही, सर. ती वायर माझी. काढायला दोन मिनिटं लागली असती. पूजेतला स्क्रू ड्रायव्हर मी उचलला नाही."

"का नाही उचलला?"

रघुजीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "माझी हिंमत झाली नाही," म्हणाला.

सुधींद्र कॉफी न घेता उठले. मी भरलेला कप तसाच आत नेला.

त्याच दिवशी रघुजी स्वतः पोलिसांत गेला आणि सगळं लिहून दिलं. गॅरेज बंद आहे, केस चालू आहे. दर तारखेला मी त्याच्याबरोबर जाते. परवा वकिलानं पुन्हा विचारलं, गाडी सोडली तेव्हा तिथं आणखी कोण होतं? कुणी अडवलं असेल तर तसं सांगा, शिक्षा स्वल्प तरी कमी होईल. रघुजी म्हणाला, कुणी नव्हतं. मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते.