लहान घंटेचे दोन टोले

विद्यापीठाच्या मनोऱ्यात सव्वीस घंटा होत्या, आणि त्या वाजवणाऱ्याला सगळे घंटामास्तर म्हणत. एकोणतीस वर्षं रोज पाच वाजता तो लाकडी दांड्यांवर मुठी आपटून तीच धून वाजवायचा. हातांना घट्टे पडले होते. सहा कुलगुरू आले नि गेले, मास्तर तिथंच.

धून संपली की सगळ्यात लहान घंटेवर तो दोन टोले जास्त द्यायचा. ते बायकोसाठी. त्याला छातीचं दुखणं जडल्यापासून त्याचं एकशे चाळीस पायऱ्या चढणं तिला धास्तीचं वाटे. दोन टोले म्हणजे 'बरा आहे, उतरतोय'. समोरच्या क्वार्टरमध्ये तिचा जीव भांड्यात पडायचा आणि ती चहाचं आधण ठेवायची.

मग विद्यापीठाला शहाणपण सुचलं. धून एकदाची रेकॉर्ड केली, मनोऱ्यावर कर्णे बसवले. मास्तरकडे घंटांना तेल घालणं तेवढं उरलं. रेकॉर्ड करताना हाताच्या सवयीनं ते दोन टोलेही पडून गेले होते.

"आता यंत्रच तुला चहा टाकायला सांगणार," तो म्हणाला. तीही हसली.

त्या दिवशी तो तेलाचा डबा घेऊन साडेतीनला वर गेला. पाच वाजत आले तरी पत्ता नाही, म्हणून ती चपला घालून दारात आली. तेवढ्यात धून लागली, शेवटी दोन टोले पडले. ही रेकॉर्ड आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं; पण इतक्या वर्षांच्या कानाला कोण समजावणार? तिनं चपला काढल्या. चहा दोनदा गरम केला. वॉचमनशी गप्पा छाटत बसले असतील, म्हणून चरफडलीही.

साडेसहाला वॉचमनलाच तो जिन्याच्या वळणावर सापडला. सहापर्यंत तरी जीव होता, असं डॉक्टर म्हणाले.

भेटायला आलेल्या कुलसचिवांना तिनं हात जोडले. "शेवटचे दोन टोले तेवढे काढून टाका हो."

"अहो वहिनी, तीच तर मास्तरांची खूण! कायम ठेवणार आम्ही."

दुसऱ्या दिवशी ती क्वार्टरची किल्ली द्यायची म्हणून ऑफिसात गेली.

"तीन महिन्यांची मुदत आहे तुम्हाला," कारकून चकित होऊन म्हणाला. "लोक मुदत वाढवून घ्यायला पाया पडतात. सामान तरी कधी हलवणार?"

"आजच," ती म्हणाली. "पाच वाजायच्या आत."