मागाची खूण

वडगावच्या त्या घरात मालुबाईंना घड्याळ बघावं लागत नसे. आण्णाप्पांच्या हातमागाचा आवाज स्वयंपाकघरात येई आणि त्यावरून त्यांना सगळं कळे. सूत तुटलंय, गडी रंगात आहे, की पोटात कावळे ओरडू लागलेत.

वैशाखात तो आवाज लंगडा झाला. पायाखालची उजवी पावडी वेळेवर पडे, डावी मागाहून. मालुबाई हात पुसत आल्या, तर आण्णाप्पा मागाच्या खड्ड्यात वाकून पावडीच्या दोऱ्या सैल करत होते.

"दोरी ताठ झालीया. अंगठ्याला मार बसतोय."

"चौथ्यांदा सैल करताय. अंगठा दावा बघू."

डावा अंगठा मुळाशी लालबुंद सुजला होता. पांघरुणाचा नुसता स्पर्शही सोसत नव्हता. पण चाळीस वर्षं पावडी मारलेल्या माणसाला पायाचं प्रत्येक दुखणं पावडीचंच वाटणार.

शेवटी निपाणीला दिलेली लेक सुवर्णा आली आणि वडिलांना दवाखान्यात घेऊन गेली. मालुबाईही सोबत गेल्या. रक्तात युरिक ॲसिड वाढलेलं निघालं, कोलेस्टेरॉलही.

"अंगठ्याची सूज उतरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ही दोन्ही वाढलेली असली की हृदयविकाराचा धोका जास्त. आज ईसीजी चांगला आहे, तो तसाच राहायला हवा. गोळ्या रोज घ्यायच्या. कलेजी, वजडी बंद."

मालुबाईंच्या कानात एवढंच राहिलं, हृदय. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या घरात थोरल्या दिरांचा माग मध्येच थांबला होता. चहाला उठले असतील, म्हणून मालुबाई भाकऱ्या थापत राहिल्या. ते उठले नव्हते. तेव्हापासून आण्णाप्पांचा माग थांबला की त्यांचा हात परातीतच थबके. हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या.

पंधरवड्यात सूज उतरली, आवाज सरळ झाला. आषाढात गावदेवी मंगाईची जत्रा आली. पाहुण्यांसाठी घर झाडताना आडवं सूत नेणाऱ्या धोट्यांच्या डब्यात मालुबाईंना गोळ्यांची पाकिटं सापडली. बरीचशी तशीच होती.

"ह्ये काय?"

"दुखायचं थांबलं की. आता कशाला उगंच गिळायच्या?"

"ह्या काय नुसत्या अंगठ्याच्या हाईत व्हय? काळजाच्या बी हाईत."

"काळीज तुज्याकडंच हाय की लगीन झाल्यापास्नं."

मालुबाई हसल्या नाहीत. "भावजींचा माग थांबलेला मी ऐकलाय. ऐकून भाकऱ्या थापत ऱ्हायले. आता तुमी नुसतं पाणी प्यायला उठला, तरी माजा जीव जातोय. रोज."

आण्णाप्पा हातातला धोटा नुसताच फिरवत राहिले. मग म्हणाले, "पाणी आण."

गोळी घेतली.

जत्रेला वीस पाहुणे जमले. वजडीचा पहिला घास चाखून मीठ सांगायचा मान दरवर्षी आण्णाप्पांचा. यंदा त्यांनी पळी पुढं केली. "जावईबापू, मीठ तुमी बघा." आणि स्वतः आमटीभात वाढून घेतला. दोनदा मात्र पातेल्याकडं बघितलंच.

पाहुणे गेले, माग सुरू झाला. दहाच्या सुमारास आवाज थांबला. मालुबाईंचा हात परातीत थबकला. तोच आतून धोटा मागाच्या लाकडावर दोनदा वाजला, टक टक.

"पाणी प्यायला उठलोय गं!"

"कळलं, कळलं," म्हणत मालुबाईंनी भाकरी तव्यावर टाकली.