जुलाबाचं मीठ

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. बुलढाण्याजवळच्या धाड गावी माझ्या सासरी वांगी-मिरचीची बागायत होती. मामाजी, म्हणजे माझे सासरे, सत्तरीतही रोज मळ्यात जात. त्यांना एकच दुखणं होतं, पोट साफ होत नसे. त्यावर ते बाजारात मिळणारं जुलाबाचं मीठ पाण्यात घ्यायचे. आधी कधीमधी, मग रोज सकाळी पेलाभर.

त्या हिवाळ्यात ते मंदावले. दिवसभर बाजेवर पडून असत. जीभ जड झाली, पायांवर सूज आली, लघवी कमी झाली. सासूबाई म्हणाल्या, "वय झालं आता." मला पटलं. मीठ रोज मीच ढवळून देत होते.

माझं बाळ महिन्याचं होतं. त्याला तपासायला दवाखान्यातल्या नर्सबाई एका दुपारी आल्या. पंचविशीच्या असतील. निघताना त्या ओसरीत थबकल्या.

"बाबा, ओ बाबा!"

मामाजींनी जेमतेम डोळे उघडले. बाईंनी नाडी धरली. मग त्यांचे पाय बाजेवरून खाली सोडून गुडघ्याखाली हाताच्या कडेनं ठोकलं. पाय उडाला नाही. दुसराही नाही.

"हे रोज काय घेतात?"

मी पुडी आणली. चिमूटभर जिभेवर ठेवून बाई म्हणाल्या, "बाळंतपणात झटके आले तर मोठ्या इस्पितळात आम्ही याच मिठाची सुई देतो. पण आधी गुडघा बघायचा. तो उडाला नाही तर मीठ अंगात जास्त झालं समजायचं, पुढची सुई द्यायची नाही. नाहीतर श्वास बंद पडतो."

"पण बाई, सारं गाव घेते हे!" सासूबाई म्हणाल्या. "यायलेच काऊन बाधलं?"

"लघवीवाटे बाहेर पडायला हवं ते. बाबांची मूत्रपिंडं थकलीत, म्हणून अंगात साठत गेलं."

पुढच्या एसटीनं आम्ही बुलढाण्याला निघालो. बाई स्वतः आल्या. वाटभर मामाजींच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होत्या. तिथल्या डॉक्टरांनी मिठावर उतारा म्हणून शिरेतून कॅल्शियमची सुई अगदी हळूहळू दिली, सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजींनी मला ओळखलं. "मिरचीले पाणी सोडलं काय?"

मला रडू फुटलं. "मीच देत होते हो रोज," मी बाईंना म्हणाले.

"तुम्ही पुडी लपवली नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून तर वेळेत कळलं."

पुढच्या आठवडी बाजारात बाई ते मीठ विकणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला विचारत, पाय सुजतात का, लघवी नीट होते का? दुकानदार चिडला, बाई हलल्या नाहीत. चार बाजार गेल्यावर तोच म्हाताऱ्यांना सांगू लागला, "आधी बाईले दाखवा."

मामाजी त्यानंतर सहा वर्षं जगले. रात्री भिजवलेल्या मनुका आणि पालेभाजीवर त्यांचं भागलं. बाईंची मात्र वर्षभरातच बदली झाली. जायच्या दिवशी मामाजी वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन, कुणाला हात लावू न देता, स्वतः एसटीपर्यंत गेले.