गुरुवारचा बाक

अक्का जाऊन आता चार महिने होतील. तिच्या ट्रंकेत पांढऱ्या साड्यांच्या तळाशी एकच रंगीत साडी निघाली, विटक्या जांभळ्या रंगाची इरकल. ही साडी ती फक्त गुरुवारी नेसायची.

अक्का माझी थोरली बहीण. सत्तरच्या दशकात ती सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात, कॅज्युअल्टीत नर्स होती. मी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचो. घरात बोलणारी ती आणि ऐकणारा मी, अशी आमची वाटणी होती.

कॅज्युअल्टीत विड्या वळणारी एक तेलुगू बाई सारखी यायची. छातीत धडधड, हातपाय गार, आता मरते म्हणायची. दरवेळी नवा केसपेपर आणि बहुतेक नवाच डॉक्टर. एक इंजेक्शन, तासभर खाट, मग घरी. "आली बघा आपली पाव्हणी," वॉर्डबॉय म्हणायचा. अक्काने तिला एकदा घरातले सगळे कागद आणायला सांगितले. विड्यांचं बंडल बांधतात तसे ते दोऱ्याने आवळून बाईने आणले. हृदय ठीक असल्याचं प्रत्येक कागदावर होतं. तिची मुलगी विहिरीत बुडून गेली आणि त्यानंतर हे सुरू झालं, एवढं मात्र कुणी लिहिलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

विणकरांच्या वस्तीजवळ एका लहान दवाखान्यात दर गुरुवारी मनाच्या आजारांचे डॉक्टर येत. अक्काने त्यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि आपलं काम झालं असं धरलं. पण तिथला बाक रस्त्यालगतच्या व्हरांड्यात होता, आणि तयार विड्या कारखान्यात पोचवायला निघालेल्या बायका त्याच रस्त्याने जात. बाई बाक बघून परत फिरली. त्यानंतर ती कॅज्युअल्टीतही आली नाही.

तिथले लोक सुटल्यासारखे झाले. अक्का मात्र ताटावरून अर्धवट उठायची. "उद्या तिला खरंच काही झालं तरी ती यायची नाही," ती मला म्हणाली. "माझ्या चिठ्ठीमुळं."

रविवारी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. सूप मांडीवर घेऊन ती पानं कापत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मला येड लागलं न्हाय, अक्का." तीही तिला अक्काच म्हणायची.

"मग मला तरी कुटं लागलंय?"

"तितं बसलं की समदी गल्ली बगती. सासू म्हनती, नातीमागं सून बी गेली."

अक्काने तिच्या सुपातलं एक पान उचलून कापायचा प्रयत्न केला. ते वाकडं कापलं गेलं. बाईने ते काढून घेतलं.

"मी बसते की तुझ्याशेजारी," अक्का म्हणाली. "नर्सचे कपडे घालत नाही. बघणाऱ्याला ओळखू दे, दोघींत पेशंट कोण ते."

त्या गुरुवारपासून ती जांभळी साडी नेसून बाकावर बसू लागली. त्यासाठी तिने आपली साप्ताहिक सुट्टी गुरुवारी घेतली. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी पाहायचं ते पाहिलं. अक्कासाठी पाहिलेल्या मोडनिंबच्या स्थळाकडून नकार आला, तेव्हा आई म्हणाली, "बस आता वेड्यांच्या बाकावर जन्मभर." अक्का म्हणाली, "बाक लांब आहे गं. तूही ये." मला तेव्हा बहिणीचा अभिमान वाटत होता, पण तो मी बोलून दाखवला नाही. तेवढं बोलायला हवं होतं.

बाईची धडधड एकदम थांबली नाही. पण ती पुन्हा कॅज्युअल्टीत आली की अक्का केसपेपरवर स्वतःच्या अक्षरात लिहायची, 'गुरुवारी उपचार चालू आहेत.' मग नवा डॉक्टरही इंजेक्शनआधी दोन शब्द विचारू लागला. तिच्या येण्यातलं अंतर हळूहळू वाढत गेलं.

एका गुरुवारी अक्काला ताप होता. बाई एकटी बसणार नाही, याचा तिला घोर लागला. तिने मला पाठवलं.

बाई बाकावर बसलेली होती. शेजारी डोक्यावरून पदर ओढलेली दुसरी एक बाई रडत होती. मला पाहून पहिली थोडी सरकली.

"अक्काला सांगा, झोपून ऱ्हा म्हनावं," ती म्हणाली. "आज हिच्यासंगं मी हाय."